प्रभाकरचा हौद

प्रभाकर गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी बागेतला हौद घासत होतो. शेवाळाने हात हिरवे झालेले, फोन कानाशी धरायचीही पंचाईत. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले हो." मी "बरं" म्हणालो आणि पुन्हा ब्रश चालवू लागलो. बायकोने येऊन विचारलं, कोणाचा फोन होता, तेव्हा कुठे पायरीवर बसलो... त्याला आता महिना होऊन गेला. ज्याच्यासाठी हा हौद इतक्या वेळा घासला, त्याच्याविषयी चार ओळी लिहायला आज बसलोय.

अमरावतीला पॉलिटेक्निकला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. तो तिवशाचा, मी पातूरकडचा. त्याचं घर आज्यापासून ख्रिस्ती, बॅप्टिस्ट. रविवारी सकाळी हा इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला निघायचा आणि मी चादर डोक्यावर ओढून त्याला शिव्या घालायचो. येताना मात्र तो माझ्यासाठी गरम कचोरी आणायचा, त्यामुळे त्याच्या धर्माविषयी माझं मत पहिल्यापासून चांगलं होतं. पुढे मी वडिलांची लिंबाची बाग बघायला घरी परतलो आणि तो अकोल्याला पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर झाला. ही नोकरी म्हणजे उन्हाळाभर लोकांच्या शिव्या खायच्या. बायका रिकामे हंडे घेऊन थेट त्याच्या टेबलापर्यंत यायच्या, आधी कडाकडा भांडायच्या, मग हा त्यांना खुर्ची द्यायचा, आणि मग त्या सासूचं, नवऱ्याच्या दारूचं, पोराच्या नोकरीचं सांगत बसायच्या. हा फायली बाजूला सारून ऐकायचा. वरचे साहेब वैतागायचे.

जुन्या शहरातल्या त्यांच्या चर्चच्या लहानशा मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, थकले, तेव्हा लोकांनी यालाच गळ घातली. याने घरी वहिनींना विचारलं आणि राजीनामा दिला! मी तणतणत अकोल्याला गेलो. "सरकारी नोकरी सोडून राहिला तू! येडा झाला काय बे?" तर हसून म्हणतो कसा, "तिथं लोकं मले शिव्या देते. इथं निदान चहा तं देतीन." सुरुवातीला चहाही फारसा मिळाला नाही. घर वहिनींच्या मास्तरकीवर चाललं. पण हळूहळू गल्लीतली भांडणं, पोरांचे दाखले, दवाखान्याच्या चकरा, सगळंच त्याच्या दाराशी येऊ लागलं. येणारा कोणत्या जातीधर्माचा, हे त्याने कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग तो उन्हाळा आला. बॅप्टिस्टांमध्ये तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता होतो, स्वतःच्या तोंडाने हो म्हणतो, मग त्याला पाण्यात पुरतं बुडवून वर काढतात. त्यांच्या मंडळीतल्या मार्थाबाई, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, पाण्याला अशा भ्यायच्या की जन्मभर हे टाळत आल्या होत्या. म्हातारपणी हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी फार भरवसा दिला नाही, तेव्हा एकदाच्या तयार झाल्या. आणि नेमका त्याच वर्षी नळाचा पत्ता नाही. मंडळीने चर्चमधला हौद भरायला टँकर मागवला. रविवारी सकाळी टँकर गल्लीत शिरला तशा दारादारांतून बायका रिकामी भांडी घेऊन बाहेर आल्या. कोणी काही मागितलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. प्रभाकरने पाइप चर्चकडे जाऊच दिला नाही. जुन्या सवयीने रांग लावली आणि टँकर गल्लीत वाटून टाकला.

मंडळीतले एक बुजुर्ग भडकले. "पाळकसाहेब, बाई पांढरी साडी नेसून बसली आत!" दुसरं कोणी म्हणालं, डोक्यावर थोडं शिंपडून घ्या, देव समजून घेईल. वहिनी सांगतात, तेव्हा हा पहिल्यांदाच चिडला. "जलमभर बुडाले भ्याली ते बाई. आता बुडाले तयार झाली, तं मी तिले शिंपडून घरी पाठवू?"

आणि मग त्याने मला फोन केला, तुमच्या बागेतला हौद मिळेल का म्हणून. बाबा शेजारीच बाजेवर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. मला धाकधूक... गावात लोक काय म्हणतील, बाबा काय म्हणतील. बाबांनी एवढंच विचारलं, "साबन लावतेत काय रे?"

"नाही बाबा."

"मंग येऊ दे. पानी तं लिंबालेच जानार हाय."

दुपारी मेटॅडोरमधून मंडळी आली. प्रभाकर आधी उतरला, कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. मार्थाबाई काठावर आल्या, पाणी पाहिलं आणि मागे फिरल्या. कोणी समजावू लागलं की प्रभाकर हात करून गप्प करायचा. स्वतः मात्र नुसता वाट पाहत उभा. शेवटी बाबांनाच राहवलं नाही. उठले, हात पुढे केला आणि म्हणाले, "बाई, मले धरा. या पायऱ्या मीच बांधल्या." त्यांचा हात धरून बाई उतरल्या. प्रभाकरने प्रार्थना म्हणून त्यांना अलगद मागे झुकवलं, बुडवलं, वर काढलं. डोळ्यांवरचं पाणी पुसत मार्थाबाई म्हणाल्या, "एवढंच होय?" सगळी बाग हसली. मग बाबांनी हौदाचं तोंड उघडलं आणि पाणी लिंबांच्या आळ्यांकडे निघालं.

मार्थाबाई अजून आहेत. प्रभाकरच्या मातीला काठी टेकत आल्या होत्या. त्या उन्हाळ्यानंतर त्याने पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून दिला, भिणाऱ्यांसाठी. चर्चमध्ये पुढे पाणी आलं तरी कोणी फार घाबरणारं निघालं की तो त्याला बागेतच घेऊन यायचा.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. वहिनी औषध आणायला गेल्या तसा माझा हात धरून म्हणाला, "लेका, लोकाइले जलमभर सांगत आलो, भिऊ नका. अन् आता मलेच भेव लागून राहिलं." मला त्याच्यासारखी प्रार्थना येत नाही. म्हटलं, "मार्थाबाई वर आल्यावर काय म्हने?" तो असा हसला, असा हसला की ठसका लागला. नर्सने मला बाहेर काढलं. तेच माझं त्याचं शेवटचं.

परवा त्यांच्या नव्या तरुण पाळकाचा फोन आला. एक मुलगी पाण्याला फार भिते, येत्या रविवारी बागेत आलो तर चालेल का? मी विचारलं, "साबण लावत नाही ना?" तो बिचारा गोंधळून "नाही काका, नाही" म्हणाला. बाबाही आता नाहीत, हसायला सोबत कोणी नव्हतं. फोन ठेवला, हौदात पाणी सोडलं. भरल्यावर कठडा धरून पायऱ्या उतरलो आणि तो उभा राहायचा तिथे जाऊन उभा राहिलो. पाणी कमरेला लागलं. खूप रडलो... मग कठडा धरूनच वर आलो.