सकाळी पोराची, रातच्याला पोरीची

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. त्यामुळं आबांना मी राहतो तिथं, नांदेडच्या दवाखान्यात मीच नेलं, रिपोर्टही मीच वाचला. कोलेस्टेरॉल वाढलेलं. हार्टचा झटका येऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली, कायमची. मी नावाजलेल्या कंपनीची घेतली. बाप माझा, गोळी हलकी कशाला?

थोरली बहीण, अक्का, लातूरला दिलेली. तिनं तीच चिठ्ठी तिथल्या जेनेरिकच्या दुकानात दाखवून तीच गोळी दुसऱ्या नावाची आणली. माझ्या एका पट्टीच्या पैशात तिच्या चार येतात.

"तुझ्या गोळीला काय सोन्याचा वर्ख हाय का रे?"

"अन् तुझ्या स्वस्ताईपायी आबांना काय झालं म्हंजे?"

"व्हय बाबा, शिकलेला तू एकलाच."

रेणापूरजवळच्या आमच्या गावी, ओसरीवर, आबांसमोरच हे चाललं होतं. आम्ही आपापल्या पट्ट्या त्यांच्या उशाशी ठेवल्या आणि आपापल्या वाटेनं गेलो.

पुढं आबांच्या मांड्या धरू लागल्या. रोज शेतावर जाणारा माणूस भिंत धरून उंबरा ओलांडायला लागला. पुन्हा नांदेड.

"गोळी घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव की. सकाळी पोराची, रातच्याला पोरीची."

"अहो, एकच औषध आहे ते! डोस दुप्पट झाला."

"एकाची घ्यावी तर दुसऱ्याला काय वाटंल, साहेब? लेकरांनी आणलेलं."

डॉक्टरांनी सगळं थांबवलं. पाय बरे झाले की एकच सुरू करा म्हणाले, स्वस्तातली चालेल, गुण तोच. मी अक्काला फोनवर सांगितलं. मला वाटलं टोमणा मारेल. ती रडायला लागली.

पाय बरे झाले. गोळी मात्र आबांनी पुन्हा घेतली नाही. "माजं कुटं काय दुखत व्हतं? दुखनं तुमच्या गोळीनंच आणलं." याचं उत्तर मला येतं. चारदा देऊन झालं. अक्का अजून पट्टी आणते, मागची फोडलेली नसते.

परवा मी त्यांच्या मागं शेतावर गेलो. चाल झक्कास होती. बांधावर मात्र ते थांबले, बराच वेळ. दम लागला का, असं विचारायचं तोंडापर्यंत आलं होतं. पण "तूर बघायलोय" एवढंच म्हणाले असते. मीही मागंच उभा राहिलो.