परत बोलावू न शकणारे पाहुणे

मुलीचा फोन आला तेव्हा मी करंज्यांसाठी खोबरं भाजत होते. बंगळुरूच्या ऑफिसातून तिला नाताळाची सुट्टी मिळत नव्हती. मुलगा कॅनडात असतो, त्याचं येणं त्या वर्षी ठरलेलंच नव्हतं. मी गॅस बंद केला आणि खोबरं तसंच कढईत राहू दिलं. यजमानांना सांगितलं, यंदा फराळ नको, गॅलरीत नाताळाचा तारा नको, काहीच नको. दोन माणसांचा कसला सण!

माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. बोलणं कमी. त्यांनी कढईतलं खोबरं हलवलं, करपलं नसल्याची खात्री केली आणि डब्यात भरून ठेवलं.

मी ख्रिस्ती घरात जन्मले आणि ख्रिस्ती घरातच नांदायला आले. नाताळाचा आनंद म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुलं घरी येणार, नाशिकरोड स्टेशनवर त्यांना घ्यायला जायचं, नवे कपडे घालून सगळ्यांनी एका बाकावर उपासनेला बसायचं, हाच तो आनंद. मुलं नाहीत तर तो नाही. इतकं ते सरळ होतं.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशाला एक जुनाच प्रसंग घेतला. येशू एकाच्या घरी जेवायला गेला असताना त्याने त्या घरधन्याला सांगितलं, की मेजवानी करशील तेव्हा भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी बोलावू नकोस, ते तुला परत बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरिबांना बोलाव, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. त्यांच्याकडे परत द्यायला काही नाही, म्हणून तू धन्य होशील. पाळकसाहेब म्हणाले, "धन्य हा शब्द आपण प्रार्थनेपुरता ठेवलाय. त्याचा साधा अर्थ आनंदी. ज्या आनंदासाठी कुणाची वाट बघत बसावं लागत नाही, तो आनंद."

मला ते लागलं, पण मी मान खाली घालून बसले. यजमानांची गोष्ट वेगळी. त्यांचं आयुष्य वीज केंद्रात गेलेलं. वरून सूचना आली की ती पाळायची, तिच्यावर चर्चा करायची नाही. घरी येताना त्यांनी रिक्षातच मला विचारलं, आपल्या ओळखीचं आंधळं कोण आहे.

ओळखीचं होतं. चर्चसाठी मी जिच्याकडून फुलं घेते त्या फुलवालीची सासू. ती गंगापूर धरणाच्या बाजूला राहते, घरचाच झेंडू आणि गुलाब विकायला आणते. कधीकधी सासूलाही टेम्पोतून सोबत आणते, कारण घरी तिच्याजवळ कुणी नसतं. म्हातारीला दिसत नाही, पण हार ती सुनेपेक्षा भराभर ओवते.

यजमान दुसऱ्याच दिवशी जाऊन दोघींना नाताळाच्या जेवणाचं निमंत्रण देऊन आले. फुलवाली आधी संकोचली. मग म्हणाली, "दादा, येऊ आम्ही, पण मार्गशीर्ष चाललाय. आमी मटण खात नाय."

नाताळाला आमच्याकडे मटण नाही, असं कधी झालं नव्हतं. यजमान घरी येऊन म्हणाले, "भरीत कर." विषय संपला. मग त्यांनी आमच्या इमारतीच्या वॉचमनला आणि त्याच्या बायकोला सांगितलं. हे जोडपं सुरगाण्याकडचं. वॉचमनने काम काय आहे असं विचारलं. काम नाही, जेवायला या, असं सांगितल्यावरही त्याचा विश्वास बसला नाही. खालच्या मजल्यावर एक काका एकटे राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, पार्किंगवरून सगळ्यांशी भांडलेले. त्यांनाही निमंत्रण गेलं. त्यांनी दार अर्धवटच उघडलं आणि आपण कुणाकडे जेवत नाही असं सांगून लावून घेतलं.

मला न विचारता निमंत्रणं दिल्याचा माझा राग दोन दिवस टिकला. पुढे टिकवणं अवघड झालं, कारण कामच इतकं होतं. भरून ठेवलेलं खोबरं डब्यातून बाहेर आलं, करंज्या झाल्या, शंकरपाळे झाले. यजमानांनी गच्चीवर शेगडी पेटवून वांगी भाजली आणि धुराने डोळे लाल करून घेतले. मी बाजरीच्या भाकरी थापत होते आणि आपण गुणगुणतोय हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

नाताळाच्या दिवशी उपासनेहून आलो आणि वीज गेली. लिफ्ट बंद, आमचा मजला चौथा. वॉचमन आणि त्याची बायको आधीच वर आलेले, आणि वॉचमन येताना खरोखरच झाडू घेऊन आला होता. तो त्याच्या हातून काढून घेईपर्यंत खाली जिन्यात गलका झाला. फुलवाली सासूला घेऊन चढत होती, म्हातारी पायरी चुकत होती, आणि आवाजाने वैतागून काका दार उघडून बाहेर आले होते.

ते ओरडायलाच आले असणार. पण समोर म्हातारी हात पुढे करून चाचपडत होती. त्यांनी हात दिला. तिने तो घट्ट धरला आणि "चला" म्हणाली. काकांना वर यावंच लागलं. दारात पोचल्यावरही तिने हात सोडला नाही. तिला वाटलं, हेच घरधनी. "आमाला बोलावलंत, लय बरं वाटलं," असं ती त्यांनाच म्हणाली. काका आमच्याकडे बघत राहिले, पण तिला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. ते म्हणाले, "बसा आजी." आणि तिच्या शेजारी बसले.

जेवण्याआधी म्हातारीने विचारलं, की तुमच्या देवाचं काय मांडलंय ते बघू दे. मी तिला कोपऱ्यात मांडलेल्या नाताळाच्या गोठ्याजवळ नेलं. शाडूची छोटी चित्रं, गवत, वर पुठ्ठ्याचं छप्पर. तिने एकेकावरून बोटं फिरवली. गाय ओळखली, मेंढी ओळखली. बाळावर बोटं थांबली.

"इथं जल्मलं? गोठ्यात?"

मी सांगितलं, की आईबाप परगावी आले होते, उतरायला जागा कुठेच मिळाली नाही.

तिने बाळाशेजारची आई बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "आन् त्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोनी दिले गं?"

मी लहानपणापासून हा प्रसंग ऐकत आले आहे. मेंढपाळ, देवदूत, पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले मागी लोक, सगळे मला पाठ. रविवारच्या शाळेत मी तो मुलांना शिकवलाही. पण थंडीत परक्या गावात बाळंत झालेल्या त्या पोरीच्या पोटात काही गेलं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. म्हातारीला आमचा धर्म माहीत नव्हता, पण ती थेट त्या गोठ्यात जाऊन उभी राहिली होती. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी म्हटलं, "कुणी दिले नसतील, आजी."

"मंग तू दे की," ती म्हणाली. मी बशीतली एक करंजी बाळाच्या आईसमोर ठेवली. आमच्यात असा नैवेद्य नसतो. यजमानांनी ते पाहिलं आणि ताटं मांडायला घेतली.

पंगत बसली. वॉचमनने तीनदा भरीत घेतलं. त्याच्या बायकोने माझ्या हातातून भाकरीचं ताट काढून घेतलं आणि मला बसवून स्वतः वाढायला लागली. म्हातारीने काकांच्या ताटात आपल्या हाताने लोणी घातलं आणि काकांनी ते खाल्लं. मध्येच मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मला वाईट वाटत असेल म्हणून बिचारीने ऑफिसातून केला होता. मी म्हटलं, "बाळा, नंतर बोलते, खीर वाढायची राहिलीय." फोन ठेवल्यावर मला कळलं, की पंधरवडाभर ज्या आवाजासाठी मी झुरत होते तो मी चक्क नंतरवर टाकला होता. आणि तो मला कमी प्रिय झाला नव्हता. उलट त्या संध्याकाळी आम्ही दोघी जितक्या मोकळेपणाने बोललो, तितक्या बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो. मी तिला ये म्हणून गळ घातली नाही, तिने माफी मागितली नाही.

अडचण पुढे आली. संक्रांतीनंतर फुलवालीने आम्हाला शेतावर हुरड्याला बोलावलं. वॉचमनच्या बायकोने गावाकडून आणलेल्या नागलीच्या भाकरी वर पाठवल्या. काकांनी तर एका रविवारी आम्हा दोघांना चहाला बोलावलं आणि आम्ही पोचायच्या आधीच ट्रेमध्ये बिस्किटं मांडून ठेवली. यजमान अस्वस्थ झाले. परत बोलावणार नाहीत अशांना बोलवायचं होतं, आणि इथे तर सगळ्यांनीच बोलावलं. सूचना पाळली गेली नाही, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. त्यांनी उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठून विचारलं.

पाळकसाहेब इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. "मग हे तुमचे मित्र झाले," ते म्हणाले. "पुढच्या नाताळाला दुसरे शोधा."

हुरड्याला आम्ही गेलोच. काकाही सोबत होते, गाडी त्यांचीच होती. शेकोटीभोवती बसून म्हातारी गरम कणसं तळहातावर चोळून दाणे काढत होती आणि आधी मला देत होती.

दुसरे पाहुणे शोधायचं काम यजमानांनी दिवाळीतच सुरू केलं. स्टेशनबाहेर एक जण छत्र्या दुरुस्त करतो, त्याच्याशी बोलणं झालंय. तो बायको आणि दोन्ही मुलींना आणणार आहे. आमची मुलगी यंदा येतेय. तिला मी सांगून ठेवलंय, की आल्याआल्या भाकरी थापायला बसावं लागेल.