अस्सीकडचा खांदा

आमच्या आत्याला डावं-उजवं कधी जमलं नाही. सगळा जन्म ब्रह्मा घाटावर गेला, त्यामुळे तिच्या दिशाही तिथल्याच: पूर्वेला गंगा, पश्चिमेला चौक, दक्षिणेला अस्सी, उत्तरेला राजघाट. "तुझ्या राजघाटाकडच्या गालाला शीत लागलंय," म्हणायची. मी आरशाकडे वळले की लगेच, "आता चौकाकडच्या."

बँकेतून दमून आल्यावर हे ऐकायला नको वाटे. "आत्या, नुसतं डावा म्हण ना गं!"

"डावं तुझ्याबरोबर फिरतं. त्याचा काय भरवसा?"

ती पडली, खांदा दुखावला. घाटाचे जिने चढवेनात म्हणून मी तिला माझ्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर आणलं. लिफ्टमधून बाहेर आली ती हरवल्यासारखीच. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. "तो डबा जरा..." म्हणायची आणि थांबायची. डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, कौन सा कंधा?" ती खोलीभर बघत राहिली. "घर पे होती तो बताती." डॉक्टर माझ्या दादाला बाजूला घेऊन म्हणाले, दिमाग कमजोर हो रहा है. दादाने वृद्धाश्रमाची चौकशी सुरू केली. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं.

"गंगा कुठं गेली गं?" असं ती रोज विचारी. शेवटी एका रविवारी गच्चीवर नेलं. इमारतींच्या मधून नदीची एक पट्टी दिसत होती. आत्याने हात जोडले. उतरताना लिफ्ट नको म्हणाली. भिंतीला हात लावत, प्रत्येक वळणावर पुटपुटत, जिन्याने खाली आली आणि स्वयंपाकघरात शिरत म्हणाली, "अस्सीकडचा खांदा दुखतोय. चहाचा डबा खाली ठेव."

संध्याकाळी दादा आला. "तुझी राजघाटाकडची बाही उसवलीय रे." त्याने दोन्ही बाह्या पाहिल्या. एक खरंच उसवली होती. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्याला न्यूमोनिया झाला. आयसीयूला खिडकी नव्हती. "गंगा कुठं?" तिने विचारलं. मी बाहेर जाऊन चौकीदाराला विचारून आले. "तुझ्या पायांकडे, आत्या." मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"गंगेकडे पाय? फिरव मला!"

नर्स म्हणाली, इतनी नलियां लगी हैं, बेड नहीं घूमेगा. आत्याने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. पाय सरळ कर म्हणून मी किती विनवलं. "राहू दे," एवढंच म्हणाली. पहाटे गेली, तशीच.

नर्स पाय सरळ करायला आली. मी तिचा हात धरला.

"पहले बेड घुमाइए."

आता नळ्या नव्हत्या. बेड फिरला.