नाकातलं शिसं

किट कुठलंही घ्या, विमान जोडून झालं की खोक्यात चार-दोन तुकडे उरतातच. एखादं जास्तीचं चाक, एखादी खिडकी, आणि एक असला तुकडा जो कुठं लागतो हे जोडणीच्या नकाशातही सापडत नाही. फेकवत नाहीत. ड्रॉवरमध्ये पडून राहतात. आमच्या मंडळींचे किस्सेही असेच साचलेत. कुठल्याच विमानात बसले नाहीत, पण टाकवतही नाहीत. त्यातले काही आज काढतो. थोडा रंग माझ्या पदरचा असेल, तेवढं चालवून घ्या.

मंडळी म्हणजे आम्ही तिघं. पहिले कदम काका, मूळचे साताऱ्याकडचे. उभी नोकरी विमानांच्या हँगरमध्ये, इंजिन फिटर म्हणून. वय अठ्ठ्याहत्तर. दुसरा हरेश्वर, म्हणजे हरी, घणसोली गावातला. बापजाद्यांची शेती आणि खाडीतली मासेमारी गेली, आता तीन मजले भाड्यानं देतो. तिसरा मी, सुरेश जाधव. वाशीला एपीएमसीत धान्य बाजारात वजनकाट्यावर असतो. दर रविवारी सकाळी आम्ही जमतो आणि जुन्या प्रवासी विमानांची छोटी मॉडेल्स जोडतो. लढाऊ विमान आमच्याकडे चालत नाही. काका म्हणतात, "ज्याला सीट नाही, टॉयलेट नाही, ते कसलं विमान? तो फटाका झाला!"

काकांच्या कपाटावर बावीस वर्षं एक न उघडलेलं किट होतं. व्हायकाउंट. चार इंजिनं, मोठ्या लंबगोल खिडक्या. पोरवयात हँगरमध्ये त्यांनी ज्या पहिल्या विमानाला पाना लावला, तेच. हे किट आता कुठंच मिळत नाही. एकच आहे, आणि चुकलं तर दुसरं नाही. "हात बसू दे, मग उघडतो," असं म्हणत बावीस वर्षं गेली. हात बसला, आणि डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती किती टिकेल, सांगता येत नाही."

काका घरी आले आणि कपाटावरचं खोकं खाली काढलं.

*

आम्ही आधी माझ्या सोसायटीच्या क्लब रूममध्ये बसायचो, कोपरखैरण्याला. तिथून कसे निघालो ते ऐका.

प्लॅस्टिक जोडायच्या ग्लूला वास असतो, थोडा झिणझिण्या आणणारा. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी तक्रार केली. पुढच्या रविवारी सेक्रेटरी नोटीस घेऊन हजर. नोटिशीत लिहिलेलं : 'क्लब रूममध्ये काही ज्येष्ठ सभासद नशेचे पदार्थ हुंगत असल्याचे निदर्शनास आले आहे.'

ज्येष्ठ एकटे काका. सभासद एकटा मी. हरी तर सोसायटीतलाच नव्हे, घणसोली गावचा माणूस.

मी सेक्रेटरीला विमान दाखवलं, ग्लूची बाटली दाखवली. तो म्हणाला, "जाधव, माझा विश्वास आहे हो. पण कमिटीला वाटतं, या वयात माणूस असं नुसतं बसून खेळणी नाही जोडत. काहीतरी असणार!"

काका उठले, ग्लूची बाटली त्याच्यासमोर धरली आणि म्हणाले, "हे घ्या. पुढच्या मीटिंगला लागेल. त्याशिवाय तुम्ही लोक एकमेकांना सहन कसं करणार?"

त्या रविवारपासून आम्ही हरीच्या घरी, तळमजल्यावर.

*

काका आयुष्यात विमानात बसलेले नाहीत. तीस-बत्तीस वर्षं हँगरमध्ये, वर्षाला फुकट तिकीट, काकू बिचाऱ्या मागं लागलेल्या, "एकदा दिल्ली तरी दाखवा." नाही म्हणजे नाही. दरवेळी एसटी नाहीतर रेल्वे.

मी एकदा विचारलं, "काका, भीती वाटते का?"

"भीती कसली! मी आतून बघितलंय."

*

बाहेरून मागवलेलं माझं एक किट पार्सल ऑफिसात अडकलं. कुठलं ऑफिस ते विचारू नका, मला अजून किटं मागवायचीत. मी आणि काका गेलो. साहेबांनी खोकं उलटसुलट केलं.

"ड्रोन आहे?"

"नाही साहेब. मॉडेल आहे. डकोटा विमानाचं."

"किती उंच जातं?"

"उडत नाही साहेब."

"मोटर?"

"नाही."

"रिमोट?"

"नाही."

साहेब वैतागले. "मग उपयोग काय त्याचा?"

मी गप्प बसणार होतो, देवाशपथ. पण काका बोलले, "साहेब, तुमच्या खुर्चीला पण चाकं आहेत. जाते का कुठं?"

किट सात आठवड्यांनी मिळालं. एक पंख तुटलेला होता. काका म्हणाले, "बरं झालं. दुरुस्तीपासून शिकशील."

*

त्याच डकोटाची पुढची गोष्ट. पंख सांधला, चार महिने खपलो. विमान असं झालं की मी ते झोपायच्या खोलीत ठेवलं आणि बायको हॉलमध्ये झोपायला गेली. मग एका शाळेनं विज्ञान प्रदर्शनात मॉडेल्स मांडायला बोलावलं. मधल्या टेबलावर डकोटा, बाजूला आम्ही तिघं इस्त्रीच्या शर्टात.

प्रमुख पाहुणे आले. त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार, मनगटाएवढा जाड. टेबलापाशी थांबले, भारावले. "वा! हे तर आपलं वैभव!" म्हणाले. आणि मी 'साहेब, साहेब' म्हणेपर्यंत गळ्यातला हार काढून डकोटाला घातला.

दोन्ही प्रोपेलर गेले. चाकं दुमडली. धावपट्टीवर पोट टेकून बसावं तसं विमान झेंडूखाली बसलं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, परत एकदा घालता का? फ्लॅश नाही उडाला."

परत येताना रिक्षात हरी म्हणाला, "मानूस गेल्यावर हार घालतात. हितं हार घातल्यावर गेला."

*

माझी बायको या सगळ्याबद्दल फार बोलत नाही. बोलली की एकदाच बोलते.

आमचा मुलगा कॅनडात असतो. पाच वर्षं झाली, आलेला नाही. सुरुवातीला सुट्टी नव्हती, मग कागदपत्रं होत नव्हती, आता आम्ही विचारत नाही. व्हिडिओ कॉलवर दिसतो, मागं बर्फ दिसतो.

गेल्या दिवाळीत बायको शोकेस पुसत होती. एकेक विमान उचलायचं, खालची काच पुसायची, परत ठेवायचं. सगळं पुसून झालं आणि म्हणाली, "सतरा विमानं आहेत घरात. एक तरी जाऊन त्याला घेऊन येतं का बघ."

मी फडकं तिच्या हातातून घेतलं आणि बाल्कनीच्या काचा पुसायला गेलो. त्या स्वच्छच होत्या.

*

आता शिशाची गोष्ट. ही नीट ऐका.

ज्या विमानाचं तिसरं चाक नाकाखाली असतं, त्याच्या मॉडेलच्या नाकात वजन भरावं लागतं. नाहीतर शेपूट जड पडतं, नाक वर जातं आणि विमान कुल्ले टेकून बसतं. हे वजन धडाचे दोन अर्धे चिकटवायच्या आधी आत टाकायचं. एकदा चिकटवलं की संपलं. नंतर आत काही घालायचं तर विमान फोडावं लागतं.

माझं पहिलं विमान कॅराव्हेल. तिची दोन्ही इंजिनं शेपटाकडे. मी महिनाभर राबून ती जोडली, रंगवली, टेबलावर ठेवली. तिनं सावकाश नाक वर केलं आणि बसली.

काका चष्मा पुसत म्हणाले, "काय रं, दिवसभर काट्यावर दुनियेचं वजन करतोस. आणि स्वतःच्या विमानाच्या नाकात चार गोळ्या टाकायचं सुचलं नाही?"

मी म्हटलं, "काका, डकोटा पण शेपूट टेकूनच उभं राहतं की!"

"डकोटाला शोभतं ते. तुझी भीक मागतीय."

ती कॅराव्हेल काकांनी मला टाकू दिली नाही. अजून हरीच्या खिडकीत बसलीय. त्या दिवसापासून काका दर विमानाला, दर वेळी, न चुकता विचारतात, "आधी काय?" आणि आम्ही शाळेतल्यासारखे म्हणतो, "आधी शिसं, मग ग्लू."

शिसं कुठून आणायचं, हा प्रश्न हरीनं सोडवला. त्याच्या मागच्या भिंतीला त्याच्या बापाचं जाळं टांगलेलं होतं. खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या, जाळं पाण्यात तळाला बसावं म्हणून. हरीनं पक्कड आणली आणि चार गोळ्या कापून माझ्या हातावर ठेवल्या.

काका म्हणाले, "वडिलांचं जाळं ना रे हे?"

"हां. आता खाडीत काय गावतंय काका? चिखल आनि पिशव्या. बापूस शेवटच्या टायमाला रोज जाला इनत बसायचा. मी बोललो, बाबा, कुठं टाकनार? तर बोलला, टाकायचा नाय, फाटला नाय पायजे."

पुढं दरवेळी पक्कड निघाली की काका तोंड फिरवून बसायचे. आणि पक्कड निघतच राहिली. माझ्या सतरातल्या अकरा विमानांच्या नाकात हरीच्या बापाचं जाळं आहे.

मी एकदा हरीला विचारलं होतं, "तुला रे कशाला हा नाद? तुला विमानाचं काय?"

तो म्हणाला, "पनवेलच्या बाजूला माझ्या आतेचा घर व्हता. आता तिथं धावपट्टी हाय. ही बारकी बरी. ह्यांना उतरायला कोनाचा घर नाय लागत."

*

व्हायकाउंट आठ महिने चाललं.

पहिले दोन महिने काका स्वतः बघून जोडत होते. मग भिंग आलं. मग भिंगानंही भागेना. मी नकाशा मोठ्यानं वाचायचो, हरी तुकडा हातात द्यायचा, काका बोटांनी चाचपून बसवायचे. खिडक्या त्यांनी जिभेला लावून ओळखल्या, कुठली डावी, कुठली उजवी. खोटं वाटेल, पण एकही चुकली नाही. मधेच हात थांबवून म्हणायचे, "हितं एक नट सारखा ढिला व्हायचा. तीन नंबरचं इंजिन. मी आवळायचो."

धड चिकटवायच्या रविवारी हरीनं जाळ्याची दोरी आणली. तिच्यावर चारच गोळ्या उरल्या होत्या. त्या कापून त्यानं काकांच्या तळहातावर ठेवल्या. "काका, ह्या शेवटच्या. तुमच्या इमानासाठीच ठेवल्या व्हत्या."

काकांनी एकेक गोळी अंगठ्याखाली फिरवून बघितली. म्हणाले, "जा, दोघं जाऊन नाक्यावरून चहा घेऊन या. मला जरा शांतता पाहिजे."

आम्ही चहा घेऊन आलो तोवर धड चिकटलेलं होतं, वर रबरबँड लावलेले. हरीनं आपली खात्री म्हणून विचारलं, "काका, आधी काय?"

"लेका, मला शिकवतोस?"

विषय संपला.

पुढचे रविवार रंगात आणि पंखांत गेले. चाकं सगळ्यात शेवटी. तोवर काकांना खिडकीचा उजेड तेवढा कळत होता. गेल्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, त्यांनी शेवटचं चाक बसवलं, ग्लू सुकेपर्यंत बोटात धरून ठेवलं आणि विमान टेबलावर टेकवलं. हात काढून घेतला.

व्हायकाउंटनं नाक उचललं. सावकाश. माझ्या कॅराव्हेलसारखंच.

शेपूट टेबलाला लागायच्या आत हरीनं नाकावर बोट ठेवलं आणि ते खाली दाबून धरलं. आवाज असा झालाच नाही.

काकांनी विचारलं, "उभं आहे?"

"हाय काका," हरी म्हणाला. "तिन्ही चाकांवर."

"सुरेश?"

"एकदम झकास, काका," मी म्हटलं. "आत्ता सुटेल असं वाटतंय."

काका खुर्चीत मागं टेकले. चहाचा एक घोट घेतला. दुसरा घेतला. हरीचं बोट नाकावरच होतं. वर पंखा फिरत होता, बाहेर भाजीवाली मेथी ओरडत गेली.

मग काका म्हणाले, "आता बोट काढ, हरी."

हरीनं माझ्याकडं बघितलं. त्यानं बोट काढलं.

टक.

काकांनी मान हलवली. शर्टाच्या खिशात हात घातला, हरीचा हात चाचपून शोधला, त्यात जाळ्याच्या त्या शेवटच्या चार गोळ्या ठेवल्या आणि त्याची मूठ बंद केली.

"चहा गार झालाय," म्हणाले, "दुसरा सांग."