हरकत नाही म्हणायचं नाही

नाना बोरगावकरांसमोर 'काही हरकत नाही' म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा नवखा असला तर बिचारा गांगरून जायचा. सिंगापूरमध्ये सेरंगूनला, आमच्याच ब्लॉकमध्ये, ते मुलीकडे राहायचे. एकदा आम्हा मराठी मंडळींचं कोजागिरीचं ठरत होतं. मसाला दूध कुणाकडे करायचं यावर चर्चा चालली होती, तेव्हा बँकेतले एक गृहस्थ सहज म्हणाले, "आमच्या कॉन्डोत करा, काही हरकत नाही." कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले नाना ताडकन उठले. "हरकत नाही म्हणजे काय हो? जागा देणार आहात की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मधलं काही आपल्याला चालत नाही." ते गृहस्थ "हो हो, देतो की" म्हणून मोकळे झाले, पण दूध पिऊन होईपर्यंत नानांच्या वाटेला गेले नाहीत.

लोक हसायचे. म्हातारपणी एकेकाचं एकेक खूळ असतं, तसं नानांचं हे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मला मात्र हसू येत नसे. ते खूळ लागलं तेव्हा मी तिथेच होते, आणि फोनही माझ्याच टेबलावरचा होता.

नाना महसूल खात्यातले. नायब तहसीलदार म्हणून लागले, उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले. बहुतेक नोकरी मराठवाड्यात. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात याची लाज वाटून ते एका मौलवींकडे जाऊन उर्दू शिकले होते. बायको गेल्यावर मुग्धाने, त्यांच्या मुलीने, त्यांना सिंगापूरला आणलं. इथे आलेली माणसं बागा बघतात, मॉल बघतात. नाना काउंटर बघायचे. पोस्टात, पॉलिक्लिनिकमध्ये, टाउन कौन्सिलच्या ऑफिसात काही काम नसताना जाऊन बसायचे आणि नंबर कसे पुढे सरकतात ते बघत राहायचे. परत आल्यावर लिफ्टपाशी भेटले की मला सांगायचे, "शुभा, आज एका म्हातारीचं काम झालं. आणि तिला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही."

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. "सही हाताला असते, खुर्चीला नसते," हे एक. आणि दुसरं, "माणसाने कागदाकडे जायचं नसतं, कागदाने माणसाकडे यायचं असतं." नुसतं म्हणायचे नाहीत. तहसीलदार असताना शिक्का पिशवीत टाकून गावोगाव जायचे आणि चावडीत बसून दाखले द्यायचे. कचेरीची शान जाते म्हणून वरच्यांनी त्यांची बदली केली. ते तिथेही पिशवी घेऊन फिरले.

मी तेव्हा एका सल्लागार कंपनीत होते. बाहेरच्या सरकारांचे अधिकारी सिंगापूरला आणायचे, इथला कारभार दाखवायचा आणि मग त्यांच्याकडचा कारभार सुधारण्याचा आराखडा करून द्यायचा, असा आमचा धंदा. धंदाच म्हणते मी त्याला. त्या सुमारास आमच्याकडे अफगाणिस्तानचं काम आलं. तिथे युद्ध पेटलेलं, आणि इकडे आम्ही एसीत बसून 'ग्राहकाला खूश कसं ठेवाल' याच्या स्लाइड दाखवत होतो. आलेल्यांत अब्दुल रहीम म्हणून एक जण होते. आपण तालुका म्हणू तेवढ्या एका डोंगरी मुलखाचे अधिकारी. पेशावरला निर्वासितांच्या छावणीत वाढलेले, त्यामुळे उर्दू अस्खलित. ती स्लाइड बघून त्यांनी हात वर केला. "हमारे यहाँ कस्टमर नाराज़ हो तो शिकायत नहीं लिखता. दफ़्तर जला देता है." शिकवणाऱ्या बाईंना तो विनोद वाटला. रहीमसाहेब हसत नव्हते.

मग एक व्याख्याते ऐनवेळी आजारी पडले. मी आमच्या डायरेक्टरला, जयंतला, नानांचं नाव सुचवलं. जयंत मूळचा डोंबिवलीचा. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्याशी मराठीतच बोलायचा. "बोलव की, काही हरकत नाही," म्हणाला.

नाना आले ते कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून. स्लाइड वगैरे काही नाही. फळ्यापाशी गेले आणि उर्दू लिपीत एकेक शब्द लिहायला लागले. दफ्तर. अर्ज. हुकूम. तारीख. जमीन. मंजूर. हजेरी. समोरची मंडळी सरसावून बसली. त्यांच्या फारसीतही हेच शब्द. नाना म्हणाले, "आमची मराठी कचेरी निम्मी तुमच्याच शब्दांवर चालते. तेव्हा मला शिकवायचं काही नाही, फक्त आठवण करून द्यायची आहे." रहीमसाहेब उठून फळ्यापाशी गेले आणि त्यांनी 'मोहर' लिहिलं. नानांनी खिशातून आपला जुना तहसीलचा शिक्का काढून दाखवला. तो त्यांनी सिंगापूरपर्यंत का आणला होता, देव जाणे. त्या दिवशी जेवायला हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, गेलो तेव्हा दोघे शेजारीशेजारी बसले, आणि पुढचे सगळे दिवस तसेच बसत राहिले.

तिथेच रहीमसाहेबांनी आपलं दुखणं सांगितलं. त्यांच्या तालुक्यात विधवा पुष्कळ. नवरा मेल्याचा दाखला असल्याशिवाय बाईला जमीन नाही, मदतीचं धान्य नाही, मुलांची नावं कुठे लागत नाहीत. आणि तो दाखला मिळायचा फक्त प्रांताच्या मुख्य गावी. तिथे जायचा रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले असायचे. नवरा जिथे गेला त्याच रस्त्याने त्याचा कागद आणायला बाईने जायचं. कित्येक बायकांचे अर्ज गोळा करून रहीमसाहेब स्वतःच नेऊन द्यायचे, पण दर खेपेला आपल्याच बायकोची तोंडदेखली समजूत काढून निघावं लागतं, म्हणाले.

नानांनी समोरचा नूडल्सचा वाडगा बाजूला सारला. "तुम्हाला सही येते ना? मग तुम्हीच द्या दाखला." रहीमसाहेब म्हणाले, अधिकार नाही. "अधिकार एका हुकमाने येतो. चार ओळी लागतात. लिहा." त्या चार ओळी दोघांनी तिथेच बसून केल्या. तालुक्याच्या अधिकाऱ्याने गावातच चौकशी करून मृत्यूचा दाखला द्यावा, एवढंच त्यात होतं. अडचण अशी की, काबूलमधून हुकूम निघायचा तर आधी सुधारणेच्या आराखड्यात ते कलम हवं, आणि आराखडा आमच्या कंपनीच्या हातात. म्हणजे जयंतच्या.

तुकडी परत गेली आणि नानांनी जयंतची पाठ धरली. आराखड्यात जागोजागी संगणकीकृत केंद्रं होती, बोट टेकवलं की कागद बाहेर येणारी. वीज कुठून आणणार, हे कुणी विचारत नव्हतं. नाना रोज माझ्याबरोबर एमआरटीच्या गाडीने ऑफिसला यायचे आणि जयंतच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसायचे. मी म्हणायचे, "नाना, घरी जा, मी बघते." ते म्हणायचे, "खुर्चीसमोर उभा राहिलेला माणूस दिसला की खुर्चीला जरा लाज वाटते." जयंत काही लाज वगैरे वाटणाऱ्यातला नव्हता, पण एका दुपारी त्याने आत बोलावलं. नाना बाहेर आले ते पोरासारखे हसत. "झालं, शुभा. साहेब म्हणाले, काही हरकत नाही."

आता हे नानांच्या बाजूने समजून घ्या. ज्या माणसाचा जन्म 'ना हरकत प्रमाणपत्र' देण्यात गेला, त्याच्या लेखी फायलीवर 'हरकत नाही' असा शेरा पडला म्हणजे काम झालं. शेवटचा दगड बाजूला झाला. त्यांनी माझ्याच टेबलावरून रहीमसाहेबांना फोन लावला. लाइन खरखरत होती. नाना ओरडून बोलत होते. "रहीमभाई, साहब से बात हो गयी. कोई हरकत नहीं. सुना? कोई हरकत नहीं."  मग रहीमसाहेब म्हणाले, "अच्छा. तो फिर मैं खुद ही निकलता हूँ." नाना म्हणाले, "हाँ हाँ, निकलो. देर मत करो." फोन ठेवून त्यांनी मला कॉफी पाजली. त्यांना वाटलं, रहीमभाई गावोगाव सांगत निघाले.

बातमी आली ती त्यांच्याच तालुक्यातल्या नवीद नावाच्या अधिकाऱ्याच्या फोनने. तोही त्या तुकडीत होता. विधवांचे अर्ज घेऊन रहीमसाहेब प्रांताच्या गावी निघाले होते, आणि वाटेत गाडीखाली सुरुंग फुटला. नानांना काही कळेना. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "पण गेले कशाला? मी तर सांगितलं होतं, हरकत नहीं." नवीद म्हणाला, "जी, वही तो कहा उन्होंने, सिंगापूर में काग़ज़ की कोई हरकत नहीं. इसलिए खुद गये." मग त्यालाच काहीतरी उमगलं असावं. सावकाश म्हणाला, "साहब, हमारी ज़बान में हरकत याने हिलना, चलना. गाड़ी हरकत करती है, तो गाड़ी निकलती है."

फळ्यावर एवढे शब्द लिहिले, तेवढा एकच राहिला होता.

नाना उठले आणि सरळ जयंतच्या केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले. कलम कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. कलम कुठेच नव्हतं. आधी पाहणी, मग समिती, मग देणगीदारांची बैठक, असं बरंच काही व्हायचं होतं. ते चार ओळींचं कलम कुणी पुढे पाठवलेलंसुद्धा नव्हतं. जयंत नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाला, "नाना, वाईट झालं. पण मी हरकत नाही म्हणालो होतो, हो म्हणालो नव्हतो." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अजूनही वाटते. नाना मात्र मान हलवत म्हणाले, "खरं आहे साहेब. रहीमला तुमचं बोलणं बरोबर समजलं. मलाच चुकीचं समजलं." आणि बाहेर आले.

त्यानंतरचे नाना म्हणजे ते कोजागिरीला उठून उभे राहणारे नाना. लोकांना त्यांचं खूळ दिसलं, पण त्यांची धडपड दिसली नाही. रहीमसाहेबांच्या बायकोला आता नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता. तो तरी तिला घरी मिळावा म्हणून नाना इरेला पेटले. जयंतला गाठलं, काबूलला फोन केले, नवीदला तर रोज छळलं. जो तो हळहळायचा आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. नाना माझ्याकडे येऊन बसायचे आणि म्हणायचे, "शुभा, या जगात नाही म्हणणारा एक माणूस मला दाखव. त्याच्याशी भांडता येईल. हे सगळे मऊ आहेत गं, यांच्याशी भांडायचं कुठे धरून?"

शेवटी नवीदने कळवलं. ती बाई दिराला घेऊन गेली. त्याच रस्त्याने. सुखरूप परत आली, दाखला घेऊन. मी म्हटलं, "चला, नाना, निदान ती सुखरूप आली." नानांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "सुखरूप आली हे तिचं नशीब. त्यात कारभार कुठे आला?"

आमच्या कंपनीने त्या कामावर एक गुळगुळीत पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर हॉकर सेंटरमधला फोटो, रहीमसाहेब आणि नाना शेजारीशेजारी. आत केंद्रं होती, बोट टेकवायची यंत्रं होती. चार ओळी नव्हत्या. मी ती पुस्तिका जयंतच्या टेबलावर ठेवली, त्यावर राजीनामा ठेवला, आणि त्याने "अगं थांब की" म्हटलं त्याला उत्तर दिलं नाही. नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चला, कुणीतरी नाही म्हणालं." एवढीच शाबासकी.

नाना गेले ते नोव्हेनाच्या हॉस्पिटलात. छातीचं दुखणं होतं, फार रेंगाळले नाहीत. आदल्या संध्याकाळी नर्सने उशी सारखी करू का विचारलं, तर म्हणाले, "यस." मग माझ्याकडे वळून मराठीत, "बघ, कसं सरळ उत्तर दिलं."

सकाळी मुग्धा आणि मी खाली दाखला घ्यायला गेलो. मुग्धाचा नवरा बाकीच्या फोनाफोनीत अडकला होता. नंबर घेतला, बसलो, आणि बसतोय तोच नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीने नाव तपासलं, तारीख तपासली, मुग्धाची सही घेतली. दाखला दोन्ही हातांनी पुढे केला आणि हळूच म्हणाली, "सॉरी आँटी, मेक यू वेट." कसलं वेट? नाना असते तर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले असते, कौतुकाने बघत. मी तो कागद हातात घेतला. वरती त्यांचं नाव, खाली शिक्का, आणि शाई अजून ओली असावी असा. रहीमसाहेबांच्या बायकोचा तो रस्ता माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि मला तिथेच, काउंटरपाशी, रडू फुटलं.

मुग्धा स्वतःचे डोळे पुसत मला धरून बाहेर घेऊन आली. "नको ना रडू, शुभाताई," ती म्हणाली. "कागद मिळाला ना लगेच."

मिळाला होता. म्हणूनच रडत होते.