चंदूचा फोटो

वेसाव्याची सरूबाई टोपली घेऊन बाजारात बसली, की गिऱ्हाइकाची काय बिशाद भाव पाडायची! पापलेटाला बोट लावून कुणी नाक मुरडलं, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झालाच म्हणून समजा. ही बाई कुणाच्या बापाला भीत नव्हती. भ्यायची ती फक्त कॅमेऱ्याला.

त्यालाही कारण होतं. बासष्ट साली नारळी पौर्णिमेला तिनं थोरल्या धर्माच्या गळ्यात स्वतःची सोन्याची माळ घातली आणि त्याला अंधेरीच्या स्टुडिओत नेऊन हौसेनं फोटो काढवला. फोटो हातात पडायच्या आत पोर तापानं गेलं. भगत म्हणाला, "त्या पेटीनं पोराचा जीव ओढून घेतला." झालं! सरूबाईनं फोटो खाडीत भिरकावला. नवरा आधीच वारला होता. उरला एवढासा चंदू. त्याचा फोटो म्हणून निघू द्यायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं. भगताच्या बोलण्यात तिनं स्वतःची भरही घातली : ज्याचा फोटोच नाही, त्याला मरण येणार कुठून?

मग काय विचारता! रविवारी कुणी नंदकिशोर नावाचे ऑफिसवाले बायकोला घेऊन किनाऱ्यावर यायचे, गळ्यात बॉक्स कॅमेरा. त्यांनी होड्यांवर नेम धरला रे धरला, की ही हातात कोयता घेऊन हजर. "ए बाबू, ती पेटी फिरव तिकडं! माजा पोर हाय होडीवर!" बिचारे चप्पल तिथंच टाकून पळाले एकदा. सगळा कोळीवाडा हसला.

चंदू मात्र आईला कधी हसला नाही. लग्नात फोटोवाला उभा राहिला, की तो आपण होऊन मांडवामागं जायचा. दोस्त टर उडवायचे, तर म्हणायचा, "आयेला बरं वाटतं ना? मग झालं." गुणाचा पोर होता हो.

तो विशीत आला त्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, दर्या अचानक खवळला. रामनाथ नाखव्याची होडी परत आली नाही. चंदू त्याच होडीवर होता. बाकीच्या घरांत बायका ऊर बडवत होत्या, आणि सरूबाई शांतपणे बोंबील वाळत घालत होती. "माजा येल," ती म्हणायची. "त्याचा फोटो नाय." लोकांना वाटलं, हिला वेड लागलं.

काही दिवसांनी पोलिसांचा निरोप आला. डहाणूकडं प्रेतं लागली होती. तिथल्या पोलिसांनी त्यांचे फोटो काढून ओळख पटवायला इकडं पाठवले होते. शेजारची कृष्णाबाई तिला हाताला धरून चौकीवर घेऊन गेली. हवालदारानं एकेक फोटो टेबलावर मांडला. तिसऱ्यातल्या माणसाचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. पण मनगटावर गोंदलेलं नाव स्वच्छ वाचता येत होतं : धर्मा. थोरल्या भावाचं नाव चंदूनं कार्ल्याच्या जत्रेत गोंदवून घेतलं होतं.

"सरू गं!" कृष्णाबाईनं हंबरडा फोडला. "आपला चंदू!"

सरूबाईनं फोटो उचलला. मनगटावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"तुमचाच ना, मावशी?" हवालदारानं हळूच विचारलं. "घरच्या माणसानं हो म्हटलं तरच प्रेत ताब्यात मिळेल. नाहीतर आज बेवारस म्हणून जाळतील."

"हो म्हण गं," कृष्णाबाई गयावया करू लागली. "आपल्या हातचा अग्नी तरी मिळू दे पोराला!"

सरूबाईनं फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"माजा नाय," ती म्हणाली. "माज्या चंदूचा फोटो कुणी काढलाच नाय. ह्याच्या आयेला कळवा हो साहेब. वाट बघत बसली असल बिचारी."