पारीवरचा मुक्काम

त्या वर्षी मी चामोर्शीला राहत होतो आणि नोकरी होती जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात. काम रक्त तपासण्याचं. तापाच्या माणसाच्या बोटाला टोचायचं, थेंब काचेवर घ्यायचा, वाळला की रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे जंतू शोधायचे. सकाळची एसटी पोचेपर्यंत दवाखान्यातली अर्धी गर्दी पांगलेली असायची, म्हणून मी सायकलनेच जायचो-यायचो. निम्मा रस्ता धानाच्या बांध्यांमधून, निम्मा सागाच्या जंगलातून.

मधोमध एक जुना तलाव होता. त्याच्या बांधाला तिकडे पार म्हणतात. पावसाळा सरता सरता एकदा तिथेच चाक पंक्चर झालं, अंधार पडायला लागला आणि मी पारीवरच्या मोहाच्या झाडाखाली झोपलो. सकाळी डोळे उघडले तेव्हा पाण्यावर धुकं होतं, आणि कोणालाही माझ्याकडून काहीही नको होतं. अशी सकाळ मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

मग मी मुद्दाम थांबायला लागलो. कॅरिअरला ताडपत्री, मच्छरदाणी, चादर, भात शिजवायला एक छोटा गंज. संध्याकाळी दवाखान्यातून निघायचो ते घराच्या वाटेवर अर्ध्यात थांबायचो, आणि सकाळी तिथूनच परत कामावर. घरी सांगायचो, काम होतं, दवाखान्यातच राहिलो. दवाखान्यात सगळ्यांना वाटायचं, हा घरी जाऊन आला. बायको घरी एकटी, मुलगी नुकती चालायला लागलेली, रात्ररात्र जागवणारी. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो की बायको आंघोळीला पाणी तापवून ठेवायची. म्हणायची, "किती राबवून घेतात हो तुम्हाले." मी मान खाली घालून जेवायचो. लाज वाटायची. तरी दोन-तीन दिवस गेले की सायकल पुन्हा तलावाशी थांबायची.

तलावाच्या पलीकडे मासेमाऱ्यांची पाच-सात घरं होती. त्यातला एक जण, चाळिशीचा, बारीक अंगाचा, संध्याकाळी डोंगा काठाला लावताना दिसायचा. "इथीच का जी आज?" एवढंच विचारायचा. मी हो म्हणायचो आणि बोलणं वाढू नये म्हणून चूल पेटवायला वळायचो. थोड्या वेळाने पारीवर जरा लांब त्याची शेकोटी पेटायची. तो जाळ्यांची राखण करत असेल असं मी धरून चाललो. त्याच्या विडीचा वास यायचा, खोकला ऐकू यायचा. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. एकदा मी मोहाखालची जागा सोडून पारीच्या दुसऱ्या टोकाला ताडपत्री अंथरली. शेकोटीही तिकडे सरकली. मी चरफडत मच्छरदाणीत शिरलो आणि त्याच्याकडे पाठ करून झोपलो.

दिवाळी झाल्यावर काही दिवसांनी त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. अंगावर गोधडी, दातांवर दात वाजत होते. सोबत त्याची बायको. मी बोट धरलं तेव्हा त्याने मला ओळखलं आणि हसायचा प्रयत्न केला.

"कधीपासून ताप आहे, बाई?" मी विचारलं.

"चार रोज झाले, भाऊ. मी म्हणत होती ना, थंडीत उघड्यावर बसू नका म्हणून. आयकत नव्हते."

"जाळी राखायला एवढं काऊन बसायचं?"

"जाळी कोण राखते जी? ते तुमच्यापाशी बसत होते. आमच्या इथून बिबट्यानं दोन बकऱ्या नेल्या. तुमी एकटे झोपून राह्यता, जाळ विझून जाते. हे म्हणे, तो परका माणूस, त्याले काय माहीत."

"मले सांगितलं का नाही?"

"तुमाले एकटंच राहाचं होतं. दिसत होतं ना ते. म्हणून दूर बसत होते."

मी काच रंगवली. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर जागोजागी जांभळ्या बारीक अंगठ्या. मलेरियातला सगळ्यात वाईट प्रकार. गावोगाव जाऊन मच्छरदाणीत झोपा म्हणून सांगणारा मी. मी जाळीच्या आत गाढ झोपलेला असताना हा माणूस तलावाकाठी उघडा बसत होता. त्याला कुठे आणि कधी डास चावला हे कोणीच सांगू शकत नव्हतं. पण त्या क्षणी मला दुसरं कारण सुचत नव्हतं.

दुपारपर्यंत तो बरळायला लागला. डॉक्टरांनी जीपने गडचिरोलीला हलवायला सांगितलं. मीही जीपमध्ये बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. रस्त्याला खड्डे होते, प्रत्येक हिसक्याला त्याची बायको विचारायची, "वाचतीन ना जी?" मी दर वेळी हो म्हणत होतो, आणि मला काहीच माहीत नव्हतं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी तिला म्हटलं, "बाई, हे माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं काऊन? मच्छर काय तुमी पाळले?" मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "घरी काही भांडण आहे का भाऊ तुमचं? आमी समजलो, बायको घरात घेत नसन. म्हणूनच तर ह्यांले तुमची दया येत होती."

घरी पाणी तापवून वाट बघणारी माझी बायको त्या गावात भांडखोर ठरली होती, आणि एक माणूस त्यापायी थंडीत जागत होता.

तो वाचला. शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. औषधाने कान बधिर झाले ते महिनाभर. हिवाळ्याची मासेमारी त्याच्या मेहुण्याने एकट्याने ओढली.

मी घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. भांडायला हवी होती ती. पोरीला थोपटत ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तिथं झोपायचं मन होतं तर सांगायचं. मी काय नाई म्हणली असती?" नसती म्हणाली. तेच मला सहन झालं नाही.

आम्ही तिघं एका रविवारी त्याच्या घरी गेलो, ती मुलीला घेऊन कॅरिअरवर. तिला पाहून मासेमाऱ्याची बायको इतकी चपापली की मलाच तोंड लपवावंसं वाटलं. दोघी मग चुलीपाशी बसून बराच वेळ बोलत होत्या. काय, ते मी कधी विचारलं नाही. तो अंगणात बाजेवर बसला होता. मोठ्याने बोलावं लागत होतं.

"येत नाई आता झोपाले?" त्याने विचारलं.

"नाही."

"काऊन? बिबट्या गेला ना तिकडे, पहाडीकडे."

मी मान हलवली. आपण राखणीला बसायचो याचा राग धरून मी येणं सोडलं असं त्याला वाटलं असावं. त्याचा चेहरा उतरला. खरं कारण माझी लाज होती, पण ते सांगायचं तर सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडून सांगावं लागलं असतं. मी त्याच्या शेजारी सरकून बसलो. त्याने विडी पुढे केली. मी ओढत नव्हतो, तरी घेतली.